खाडा

कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडायचा असतो
लाल पेनानं, तारखेच्या पोटात.
मार्चपासून त्याच चौकोनात
निळ्या पेनानं माझाही हिशेब आहे.
टिंब म्हणजे केलं.
टिंब नाही म्हणजे खाडा.

त्याआधीचा जानेवारी वेगळा होता.
एक तारखेला पहाटे तळजाईची टेकडी,
परत येऊन एकवीस सूर्यनमस्कार,
वर भाचीनं दिलेले डंबेल्स.
तीन दिवस साऱ्या धनकवडीला सांगत सुटले.
चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाची साडी खाली पडली,
उचलायला वाकले
आणि वाकलेलीच राहिले.

उसण भरली, म्हणाल्या शेजारच्या खैरेबाई,
पायाळू माणसाचा पाय लावून घ्या.
पायाळू कुणी सापडेना,
म्हणून रेश्मा तांबोळीकडे गेले,
बालाजीनगरला, मेडिकलच्या वरती.

तिनं विचारलं, कसं दुखतं?
म्हटलं, दुखतं म्हणजे दुखतं.
तसं नाही मावशी.
कळ येते, की चमक निघते?
ठणकतं, की नुसतं भरून येतं?
ओढ बसते, की टोचतं?

पस्तीस वर्षं मी पिको-फॉल करते,
कापडाची तक्रार बोटांना कळते.
ताण जास्त झाला की दोरा आधी कुरकुरतो, मग तुटतो.
पण स्वतःच्या कमरेला मी कधी
असं एकेक शब्द लावून पाहिलं नव्हतं.

ओढ बसली तर चालू दे, म्हणाली,
टोचलं की थांब.
आणि लिहून दिलं इतकंसं
की फी दिल्याचं वाईट वाटलं:
खुर्चीवरून उठणं-बसणं, पाच वेळा.
भिंतीला हात टेकून रेटणं, पाच.
सतरंजीवर उताणं पडून कंबर उचलणं, पाच.
एवढंच?
एवढंच. जास्त करावंसं वाटलं तरी एवढंच.
थोडी भूक ठेवून उठायचं.

पहिला आठवडा लाज वाटली.
कुकरच्या तीन शिट्ट्यांत सगळं उरकायचं,
बसताना गुडघा सुट्ट्या पैशांसारखा वाजायचा.
हे पेपरच्या आडून म्हणाले, झालं? एवढ्यात?
झालं, म्हटलं.
पाडव्याला पाचाचे सहा केले.
सहाचे आठ व्हायला ज्येष्ठ उजाडला.
भाचीचे डंबेल्स बाल्कनीच्या दाराला लावलेत,
वाऱ्यानं आपटत नाही आता.

खाडे पडले. लपवत नाही.
लग्नसराईत सलग सहा, चौऱ्याऐंशी साड्या होत्या.
पूर्वी असं झालं की मी सगळंच सोडून द्यायचे,
एक शिवण उसवली म्हणून
अख्खा ब्लाउज फेकावा तशी.
पण दूधवाला काय करतो?
आपण गावाला जातो, आठ दिवसांचा खाडा सांगतो,
नवव्या दिवशी पिशवी दाराला असतेच.
कुठे होतात, विचारत नाही.
राहिलेलं आठ दिवसांचं दूध
एकदम आणून ओतत नाही.
तसे सातव्या दिवशी मी
आठ नाही, पुन्हा पाच केले.

परवा दुकानात कात्री मशीनखाली गेली.
वाकले, उचलली,
पुढच्या साडीचा फॉल बेतायला घेतला.
चहा पिताना लक्षात आलं
की कात्री पडली होती.

आज घरात पाहुणे,
सतरंजी त्यांच्या खाली.
ओट्याला धरून, दूध वर येईपर्यंत
टाचा उचलल्या, बारा झाल्या.
टिंब द्यावं की नाही?
पेन हातात धरून जरा थांबले,
मग चौकोनात लिहिलं, निळ्या शाईत:
अर्धा लिटर.